आमिश स्वयंपाकघरातले चीज मफिन

(मंडळाच्या गणेशोत्सवात महिला विभागाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषण-प्रात्यक्षिकाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेतला ‘आमिश’ हा शब्द वाचून दोघीतिघींनी मला विचारलं, “ताई, गणपतीत आमिष कुठून आणलंत?” तेव्हा आधी खुलासा करते. पोटफोड्या ‘ष’चं आमिष म्हणजे मांस. त्यावरूनच आपला निरामिष शब्द आला. माझ्या विषयातला श शहाळ्यातला आहे. आमिश हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती समाज, आणि याकोब आमान या त्यांच्या पुढाऱ्याच्या नावावरून हे नाव पडलं. आज करायचे मफिन पूर्ण शाकाहारी आहेत, आणि अंड्याशिवायही होतात. बाप्पाला नैवेद्य मोदकाचाच. हे मफिन आरतीनंतर नाटकाच्या तालमीला थांबणाऱ्या मुलांसाठी.

आता हे आमिश कोण? १५२५ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये काही लोकांनी भूमिका घेतली की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला देऊ नये, मोठं झाल्यावर समजून-उमजून घ्यावा. एवढ्यावरून त्यांचा फार छळ झाला. पुढे १६९३ मध्ये याच पंथातल्या याकोब आमान यांनी शिस्त अधिक कडक हवी असा आग्रह धरला आणि त्यांचा गट वेगळा झाला. तिकडे विल्यम पेन यांनी पेनसिल्वेनियात सर्व पंथांना मोकळीक दिली होती. १७३७ साली ‘चार्मिंग नॅन्सी’ नावाच्या जहाजातून आमिश कुटुंबांचा एक मोठा जथा फिलाडेल्फियाला उतरला.

साल लक्षात ठेवा, १७३७. गायकवाडांनी बडोदं कायमचं ताब्यात घेतलं ते १७३४ मध्ये. म्हणजे आपल्यातल्या कित्येकांचे पूर्वज ज्या काळात घाट उतरून इकडे आले, त्याच काळात हे लोक समुद्र ओलांडून तिकडे गेले. दोघंही परक्या मुलखात स्थिरावले, आणि जवळजवळ तीनशे वर्षं होत आली तरी दोघंही आपली भाषा घरात बोलतात.

त्यांची भाषा म्हणजे जर्मनची एक बोली. बाहेरचे तिला ‘पेनसिल्वेनिया डच’ म्हणतात, पण हॉलंडशी तिचा संबंध नाही. घरात ही बोली, शाळेत आणि बाजारात इंग्रजी, आणि प्रार्थनेत जुनी ग्रांथिक जर्मन. ऐकून ओळखीचं वाटलं ना? आपलं घरात मराठी, खंडेराव मार्केटात भाजी घेताना गुजराती, मुलांच्या शाळेत इंग्रजी आणि गणपतीपुढे अथर्वशीर्ष संस्कृतात. आपण भाषांची जी कसरत रोज करतो, ती हे लोकही पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत.

आमिश वीज वापरत नाहीत, घोडागाडीतून फिरतात, एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मग समज असा होतो की हे लोक जुन्या काळात अडकून पडले आहेत. तसं नाही. त्यांच्या प्रत्येक मंडळीत साधारण वीस ते चाळीस कुटुंबं असतात आणि त्यांचे स्वतःचे नियम असतात. त्याला ते ‘ओर्डनुंग’ म्हणतात. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, त्या नियमांची उजळणी होते. एखादी नवी वस्तू आली की ती चांगली की वाईट याच्या आधी ते बघतात, की तिच्यामुळे आपण एकमेकांच्या जवळ राहू की लांब जाऊ.

टेलिफोनचंच घ्या. घरात फोन आला तर माणसं एकमेकांकडे जाणं सोडतील, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो घरात घेतला नाही. पण आजारपणाला, धंद्याला फोन लागतोच. मग रस्त्याच्या कडेला छोटी खोली बांधून त्यात चार घरांत मिळून एक फोन ठेवला. विजेच्या तारा घरात घेतल्या नाहीत, पण गॅसवरची शेगडी, गॅसवरचा ओव्हन आणि गॅसवरच चालणारा फ्रीज बऱ्याच मंडळींना चालतो. जास्त कडक मंडळी अजून लाकडाच्या चुलीवर करतात. एका गावात चालतं ते शेजारच्या गावात चालेलच असं नाही. आपल्याकडे नाही का, एका घरी गौरीला पुरणपोळीचा नैवेद्य असतो आणि शेजारच्या घरी मटणाचा.

आता स्वयंपाकघराकडे वळू. हे लोक मुळात शेतकरी, घरी गाई, आणि कुटुंबं मोठी. सहा-सात मुलं सहज असतात. दूध, लोणी, अंडी, बटाटे, मका, सफरचंद हे घरचं. बरण्या भरून ठेवायची सवय आपल्या आज्यांसारखीच. उन्हाळ्यात पिकलेलं सगळं मुरांब्यात, लोणच्यात आणि काचेच्या बरण्यांत जातं. ‘चाऊ-चाऊ’ नावाचं त्यांचं एक मिश्र भाज्यांचं आंबट-गोड लोणचं असतं. एका रविवाराआड कोणाच्या तरी घरी प्रार्थना भरते, कारण त्यांना वेगळं चर्च नसतं. प्रार्थनेनंतर सगळ्यांना साधं जेवण असतं: पाव, चीज, बिटाचं लोणचं, शेंगदाण्याचं गोड लोणी, कॉफी. काही वस्त्यांत घेवड्याच्या बियांचं सूप. शंभर-दीडशे माणसांची पंगत उठते, पण यजमानीण दमून जात नाही, कारण पदार्थ ठरलेले आणि कामाला शेजारणी असतात.

चीज तिथे एवढं का, हेही सांगते. मुलीकडे ओहायोला गेले होते तेव्हा होम्स परगणा पाहिला. तिथे आमिशांची फार मोठी वस्ती आहे. हाताने धारा काढून दूध कॅनमध्ये भरायचं आणि कॅन गार पाण्यात ठेवायचे, ही तिथली जुनी पद्धत. विजेवर चालणाऱ्या मोठ्या गार टाक्या नसल्या की ते दूध पिशवीतून प्यायला विकता येत नाही, तिथले नियमच तसे आहेत. पण त्याचं चीज करता येतं. त्याच भागात स्वित्झर्लंडहून आलेले चीज करणारे कारागीर होते. दोघांची गाठ पडली आणि चीजचे छोटे कारखाने उभे राहिले. टाकी नको म्हटल्यामुळे दूध वाया गेलं नाही. त्याला दुसरी वाट मिळाली.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मफिन हा काही स्वित्झर्लंडहून पेटाऱ्यात आलेला पदार्थ नाही. यीस्टशिवाय, बेकिंग पावडरवर फुगणारे मफिन हा अमेरिकन प्रकार, आणि बेकिंग पावडर आली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. आमिश बायकांनी तो शेजाऱ्यांकडून घेतला, घरचं लोणी, दूध आणि चीज घालून आपलासा केला. शिवाय अमेरिकेत ‘आमिश’ हा शब्द आता दुकानाच्या पाटीवर खपतो. त्या पाटीच्या मागे दरवेळी आमिश माणूस असतोच असं नाही. म्हणून मी याला ‘आमिश मफिन’ म्हणत नाही. त्यांच्या पद्धतीने, म्हणजे घरचे जिन्नस, हाताने कालवणं आणि एका वेळी भरपूर करणं, अशा रीतीने केलेले हे मफिन आहेत.

तिखटमिठाचा केक ही कल्पनाही आपल्याला नवी नाही. सीकेपी घरांत कोबीचं भानोलं करतात, पूर्वी ते खाली निखारे आणि वर झाकणावर निखारे ठेवून भाजत. आपल्या गुजराती शेजारणींचा हांडवा काय आहे? डाळ-तांदळाचा तिखट केकच तो. मफिन म्हणजे त्यांचा गोऱ्या रंगाचा आतेभाऊ समजा.

आता कृती. वह्या काढल्या असतील तर लिहा. बारा मध्यम मफिनचं प्रमाण आहे. कप म्हणजे २४० मिलिलिटरचा मापाचा कप. घरची वाटी घ्यायची तर एकच वाटी सगळ्या जिनसांना घ्या, आधी ती किती मिलिलिटरची आहे ते बघा.

मैदा दोन कप, म्हणजे २५० ग्रॅम. निम्मी कणीक घेतली तरी चालते, जरा जड होतात पण चव खमंग येते. बेकिंग पावडर तीन छोटे चमचे, सपाट भरून. साखर एक मोठा चमचा. मीठ अर्धा छोटा चमचा. मोहरीची पूड अर्धा चमचा, मिरपूड अर्धा चमचा. किसलेलं चीज १५० ग्रॅम. बारीक चिरलेली कांद्याची पात अर्धा कप. दूध एक कप, अंडं एक, वितळवलेलं लोणी ७५ ग्रॅम.

अंडं नको असेल तर अंडं आणि दूध दोन्ही काढा. त्याऐवजी एक कप घोटलेलं दही आणि साधारण पाव ते अर्धा कप दूध घ्या. बेकिंग पावडर दोन चमचे करा आणि खाण्याचा सोडा अर्धा चमचा घाला. दह्याचा आंबटपणा आणि सोडा मिळून फुगण्याचं काम करतात. आज समोर जे आहेत ते याच प्रमाणाचे आहेत.

चीजबद्दल दोन गोष्टी. तिकडे चेडर, स्विस किंवा कोल्बी वापरतात. चीज करताना दूध विरजायला रेनेट लागतं, आणि जुन्या पद्धतीत ते वासराच्या पोटातून येतं. म्हणून परदेशी चीज आणताना शाकाहारी मंडळींनी वेष्टनावरचा हिरवा ठिपका बघावा. आपल्या शेजारच्या आणंदचं अमूल चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटवर होतं, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. दुसरी गोष्ट, आपल्याकडे डब्यात किंवा क्यूबमध्ये मिळतं ते प्रोसेस्ड चीज, आणि त्यात मीठ बरंच असतं. ते वापरणार असाल तर वरचं मीठ पाव चमचाच घाला. निम्मं चीज किसून आणि निम्मं अगदी बारीक तुकडे करून घातलं तर खाताना मधेच वितळलेला चीजचा कण लागतो. मुलांना तो फार आवडतो.

पहिलं काम ओव्हन तापवण्याचं. २०० अंशांवर, वरखाली दोन्ही कांड्या चालू, किमान दहा-पंधरा मिनिटं. मफिनला सुरुवातीलाच जोराची धग लागली की माथा छान वर येतो.

आता बेकिंग पावडर तपासा. भाद्रपदातली हवा दमट, अर्धवट उघडा राहिलेला डबा महिन्याभरात निकामी होतो. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून बघा, खळखळून फेस आला पाहिजे. सोडा असेल तर त्यावर लिंबू पिळून बघा.

एका भांड्यात मैदा, पावडर, मीठ, साखर, मोहरी, मिरी एकत्र चाळून घ्या. त्यात चीज आणि पात घालून बोटांनी कालवा. पिठात घोळलेलं चीज तळाशी बसत नाही. मूठभर चीज वरून घालायला बाजूला ठेवा. दुसऱ्या भांड्यात दूध, अंडं आणि लोणी, किंवा दही, दूध आणि लोणी फेटा. लोणी कोमट हवं, कढत नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओलं कोरड्यात ओता आणि लाकडी चमच्याने फक्त बारा-पंधरा वेळा हलवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. गुठळ्या राहतील, राहू द्या. आपल्याला भज्यांचं पीठ फेटायची, इडलीचं पीठ घोटायची सवय, त्यामुळे हात थांबत नाही. पण मैदा जितका घोटाल तितका त्यात चिवटपणा येतो, मग मफिन रबरासारखे होतात आणि आत लांब लांब बोगदे पडतात. विजेचं यंत्र नसलेल्या आमिश स्वयंपाकघरात हा पदार्थ इतका का रुजला, याचं एक कारण मला इथे दिसतं. यंत्राने तो बिघडतो आणि लाकडी चमच्याने साधतो.

साच्यांना लोणी लावून पाऊण भरा, वर ठेवलेलं चीज भुरभुरा आणि लगेच ओव्हनमध्ये घाला. पीठ भिजवून गप्पा मारत बसू नका, फुगण्याचा जोर तिथेच संपतो. अठरा ते बावीस मिनिटं लागतात. टोचून बघताना काडीला चीज चिकटलं तर कच्चं समजू नका, ओलं पीठ चिकटलं तर कच्चं. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं साच्यात ठेवा आणि मग जाळीवर काढा. जास्त वेळ साच्यात राहिले तर वाफ धरून तळ ओला होतो.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी हांडव्याचं भांडं काढावं. खाली वाळूची ताटली असते, ती दहा मिनिटं तापवा, छोट्या वाट्यांना लोणी लावून त्यात पीठ भरा आणि झाकण ठेवून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं भाजा. जाड कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवूनही जमतं. माथ्याला रंग कमी येतो, चवीत उणं नाही.

हे गरम खावेत. उरले तर एक दिवस डब्यात, बाहेर. फ्रीजमध्ये पाव-मफिन लवकर शिळे लागतात. दुसऱ्या दिवशी तव्यावर झाकण घालून गरम करावेत. सोबत टोमॅटोचं सार द्या, किंवा आमिशांसारखं आंबट-गोड लोणचं. आपलं लिंबाचं गोड लोणचं फार छान लागतं.

कृती झाली. आता पाच मिनिटं अजून घेते.

गणपतीत हे परकं खाणं कशाला, असं काही ज्येष्ठांना वाटलं असेल, आणि ती शंका मला योग्य वाटते. पण उद्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी करताना एकदा परातीकडे बघा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा, मिरचीही तिकडची. चारही जिन्नस पोर्तुगीज आणि इतर जहाजांनंतर आपल्याकडे आले, आणि आज उपासाला चालतात. आपल्या बडोद्याची शेव-उसळ घ्या. उसळ आपली, शेव इथली, बरोबर पाव, आणि वरून तरी. ती खाताना कोणी विचारत नाही की यात मराठी किती आणि गुजराती किती. तेव्हा नवा पदार्थ घरात आला म्हणून परंपरा बुडत नाही. परंपरेला धोका आहे तो वेगळा.

आमिश १९०० च्या सुमारास काही हजारच होते. आज ते चार लाखांच्या आसपास आहेत. आणि युरोपात, जिथून ते आले तिथे, त्यांची वेगळी मंडळी १९३७ नंतर उरलीच नाही. मूळ गावी दिवा विझला आणि परदेशी तेवत राहिला. त्यांचं सगळं घ्यावं असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांची मुलं आठवीनंतर शाळा सोडतात, त्यासाठी ते १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकले. सयाजीराव महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणाच्या गावात वाढलेल्या मला ते पटत नाही. मंडळी सोडणाऱ्याशी व्यवहार तोडतात, तेही पटत नाही. पण त्यांची एक सवय घ्यावीशी वाटते. नवी वस्तू दारात आली की ते थांबून विचार करतात. आपल्याकडे मराठी मागे पडली ती आपण तसं ठरवलं म्हणून नाही. कोणी विचारलंच नाही म्हणून. नातवाशी इंग्रजीत बोलणं सोपं पडतं, मुलाला मोबाईल दिला की जेवतो. एकेक गोष्ट अशीच झाली. आज या सभागृहात बसलेल्या किती घरांत नातवंडं आजीला मराठीत उत्तर देतात, हे ज्याने त्याने मनात मोजावं.

त्यांची दुसरी सवय अधिक सोपी आहे. आमिश आणि मेनोनाइट वस्त्यांत बायका मिळून पाककृतींची पुस्तकं काढतात. प्रत्येक कृतीखाली ती देणारीचं नाव. एकाच पदार्थाच्या पाच कृती असल्या तर पाचही छापतात, भांडण नाही. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप दिलं, म्हणून लग्न होऊन दूर गेलेल्या कितीतरी मुलींचा संसार चालला. पण बडोद्याच्या मराठी घरांतलं जे खास आहे, दोन्हीकडचं मिसळून झालेलं, ते ‘रुचिरा’त कुठून असणार? ते आपल्या काकू-मावशींच्या हातात आहे. “अंदाजाने घालायचं गं” असं त्या म्हणतात. तो अंदाज त्यांच्याबरोबर जाईल.

म्हणून माझी एक सूचना आहे, कार्यकारिणीने विचार करावा. पुढच्या गणेशोत्सवापर्यंत आपण मंडळाची वही करू. अट दोन गोष्टींची. एक, पदार्थ सांगायचा घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने आणि लिहायचा घरातल्या सर्वांत लहान मुलाने, मराठीत, देवनागरीत. अक्षर वाकडं असलं तरी तसंच छापू. दोन, आजी मूठभर म्हणाली की त्या नातवाने ती मूठ वाटीत ओतून मोजायची. त्या मोजामोजीत जे बोलणं होईल, ते मराठीतच होईल. मला पदार्थापेक्षा तेच हवं आहे.

मुलं आजीपाशी स्वयंपाकघरात का येतील, हा प्रश्न उरतो. अळूच्या फतफत्यासाठी एकदम येणार नाहीत. चीज मफिनसाठी येतील. हे मफिन एवढ्यासाठीच आज इथे आणले. पहिल्या रविवारी मफिन, दुसऱ्या रविवारी भानोलं, तिसऱ्या रविवारी फतफतं. ओट्यापाशी उभं राहायची सवय लागली की पुढचं आजी बघून घेईल.

ताटल्या फिरायला लागल्या आहेत, तेव्हा आता मी थांबते. आधी लहान मुलांना द्या, आणि घेताना हे काय आहे ते त्यांनी मराठीत विचारलं तर दोन द्या.

गणपती बाप्पा मोरया!